हालचालींच्या अभ्यासासाठी परवडणारा वेगवान कॅमेरा : प्रकल्प नोंदी, फोंडा

३ जून २०२५

प्रकल्पात तीन हालचाली आहेत: फुगडीतली गिरकी आणि पावलांचा ठेका, फुटबॉलची किक, आणि माडावर चढताना पाडेलीच्या (नारळ पाडणाऱ्याच्या) पायांची पकड. दोन कॅमेरे, लेन्स, दिवे, ट्रायपॉड, केबल सगळं धरून मर्यादा दोन लाख रुपये. फुगडीचं चित्रण चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी व्हायला हवं, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत सामान तपासून तयार असलं पाहिजे.

कॅमेऱ्यांची यादी उघडण्याआधी काय मोजायचं ते लिहून काढलं. सेकंदाला किती फ्रेम्स लागतील हे तिथूनच ठरतं.

चालण्यात सांध्यांच्या हालचालीचा बहुतेक सगळा अंश ६ हर्ट्झच्या खाली असतो, म्हणून तिथे १०० फ्रेम्स भरपूर झाल्या. सावकाश धावताना पाऊल जमिनीवर साधारण पाव सेकंद टेकतं, जिवाच्या आकांताने धावताना सेकंदाचा दहावा हिस्सा. २४० फ्रेम्सच्या कॅमेऱ्यात त्या दहाव्या हिश्शाचे २४ तुकडे मिळतात; टाच आधी टेकली की चवडा, हे सांगायला तेवढे पुरतात. किकमध्ये मात्र बूट आणि चेंडू जेमतेम १० मिलिसेकंद एकमेकांना भिडलेले असतात. २४० ला त्यात दोन-तीन फ्रेम्स येतात, १,००० ला दहा.

उडीवर हाच हिशेब करून पाहिला. उंची = गुरुत्वत्वरण × हवेतल्या वेळेचा वर्ग ÷ ८. अर्धा सेकंद हवेत असेल तर सुमारे ३०.६ सेंमी. वेळ एका फ्रेमने चुकली तर ३० फ्रेम्सच्या कॅमेऱ्यात उंची ४ सेंमीने चुकते, २४० मध्ये अर्ध्या सेंमीने. पुढे फ्रेम्स चौपट केल्या तरी वाचणार ते त्या अर्ध्या सेंमीतलंच.

म्हणजे तिन्हीपैकी फक्त चेंडूला पाय लागतो तो क्षण हजारी कॅमेरा मागतो. बाकी सगळं २०० ते २५० मध्ये बसतं.

५ जून

‘जास्त फ्रेम्स म्हणजे जास्त अचूक’ हा समज गणिताने तपासला, कारण खरेदीच्या बैठकीत हा मुद्दा येणारच.

बिंदूची जागा ओळखण्यात १ मिमीची यादृच्छिक चूक धरा. सलग तीन फ्रेम्समधून त्वरण काढलं तर चूक होते √६ × १ मिमी ÷ (दोन फ्रेम्समधल्या अंतराचा वर्ग). ६० फ्रेम्सला ती सुमारे ८.८ मी/से², २४० ला १४१, १,००० ला जवळजवळ २,४५०. शरीराचं खरं त्वरण या गोंगाटात पार बुडून जातं. गणिती गाळणी (फिल्टर) लावली की गोंगाट खाली येतो, पण गाळणी लावायचीच आहे तर वरच्या फ्रेम्सचा फायदाही बराचसा गाळला जातो. पैसे आधी जागा नेमकी ओळखण्यावर खर्च व्हावेत: चांगली लेन्स, भरपूर उजेड, छोटं एक्स्पोजर (सेन्सर उजेड घेतो तो वेळ), मोठे आणि गोल मार्कर (अंगावर चिकटवायच्या खुणा).

एक्स्पोजर तर फार महत्त्वाचं. किकमध्ये पावलाचा वेग २० मी/से धरला तर १/२४० सेकंदात पाऊल ८३ मिमी सरकतं, १/१,००० मध्ये २० मिमी, १/४,००० मध्ये ५ मिमी. अंधुक हॉलमध्ये फोन स्वतःच्या मर्जीने १/२४० वर जातो आणि घोट्याच्या जागी चार बोटांचा फराटा उरतो. फ्रेम्स २४० असूनही त्यातून मोजण्यासारखं काही हाती लागत नाही.

१० जून

बाजारातले पर्याय.

कॅसिओच्या एक्झिलिम मालिकेतले कॅमेरे कमी पैशांच्या प्रयोगशाळांत बरीच वर्षं चालले. २००८ चा ईएक्स-एफ१ ३०० फ्रेम्सला ५१२×३८४ देतो, ६०० ला ४३२×१९२, १,२०० ला फक्त ३३६×९६. शेवटच्या चित्रात अख्खा माणूस मावतच नाही. २०१८ मध्ये कॅसिओने छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांचा धंदा सोडला. आता मिळेल तो जुना, बॅटरीची खात्री नसलेला. यादीतून काढला.

सोनीचा आरएक्स१०० मार्क ४ (२०१५) आणि त्याच्या पुढचे काही. पाल या भारतातल्या व्हिडिओ पद्धतीत २५०, ५०० आणि १,००० फ्रेम्स. दर्जाला प्राधान्य दिलं तर सेन्सरवर प्रत्यक्ष वाचलं जाणारं चित्र २५० ला १,८२४×१,०२६, ५०० ला १,६७६×५६६, १,००० ला १,१३६×३८४. नोंद सुमारे दोन सेकंदांची, मग ती कार्डवर उतरेपर्यंत थांबायचं. बटण दाबण्याच्या आधीचे दोन सेकंद राखून ठेवायची सोय आहे, ती किकसाठी फार उपयोगी. पण दोन कॅमेरे एकाच ठोक्यावर चालवता येत नाहीत. एका बाजूने मोजायचं असेल तर उत्तम, त्रिमितीसाठी नाही.

क्रॉनॉस १.४, कॅनडाच्या क्रॉन टेक्नॉलॉजीजचा. १,२८०×१,०२४ ला सेकंदाला हजारांहून थोड्या जास्त फ्रेम्स, ग्लोबल शटर (सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारं), ८ जीबी मेमरीत सुमारे चार सेकंद. या प्रकारात हा स्वस्तातला म्हणावा असा. तरी एकाची किंमतच काही हजार डॉलर, वर आयात शुल्क आणि जीएसटी. आमच्या पैशांत एकही बसत नाही. फँटम, फोट्रॉन या महागड्या व्यावसायिक कॅमेऱ्यांचा विचार या प्रकल्पात करायचं कारण नाही.

रास्पबेरी पायचा ग्लोबल शटर कॅमेरा (२०२३, सेन्सर आयएमएक्स२९६): १,४५६×१,०८८, पूर्ण चित्राला ६० फ्रेम्स, सी किंवा सीएस माउंटची (स्क्रूने बसणारी) लेन्स लागते. बाहेरून ट्रिगर (फ्रेम टिपायचा इशारा) देता येतो, पण त्यासाठी बोर्डवर सोल्डरिंग करावं लागतं. चालण्याच्या अभ्यासाला कमीत कमी पैशांत याच्यासारखा दुसरा नाही. आम्हाला ६० कमी पडतात.

कारखान्यांत तपासणीसाठी लावतात ते यूएसबी ३ कॅमेरे. सोनीचा आयएमएक्स२७३ सेन्सर घालून अनेक कंपन्या ते बनवतात: १,४४०×१,०८०, सुमारे २२६ फ्रेम्स, ग्लोबल शटर, ट्रिगरसाठी वेगळी वायर. त्याचाच भाऊ आयएमएक्स२८७: ७२०×५४०, ५२० च्या आसपास फ्रेम्स, पिक्सेल दुप्पट रुंद म्हणून उजेड कमी लागतो. गोडी इथेच वाटते.

१४ जून

फोनची तपासणी. पाडेलीच्या चित्रणाला माडाखाली लॅपटॉप नेणं अवघड, तेव्हा तिथे फोनच लागणार. तो किती खरं बोलतो हे आधी पाहायला हवं.

वेळेची चाचणी. डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल घेतलं. त्याची अचूकता दशलक्षात दोन भाग. त्याच्या एसक्यूडब्ल्यू (सिग्नल बाहेर देणाऱ्या) पायावर १ हर्ट्झचा चौकोनी सिग्नल सुरू करून ५ व्होल्टपासून १.५ किलो-ओहम आणि लाल एलईडी जोडली. पाय ओपन-ड्रेन (करंट फक्त आत ओढणारा) असल्याने एलईडी त्या पायाकडे खाली ओढली जाते, वेगळा ट्रान्झिस्टर लागत नाही. बारा सेकंदांचं चित्रण करून पहिल्या आणि अकराव्या उजळण्यातल्या फ्रेम्स मोजायच्या: २,४०० याव्यात. एक फ्रेम इकडेतिकडे म्हणजे ०.०४ टक्के. घड्याळ म्हणून आर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) वापरू नये. त्यावरचा सिरॅमिक रेझोनेटर अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकतो, म्हणजे फोनला तपासायला फोनपेक्षा ढिलं घड्याळ.

चित्रफितीतले फ्रेम्सचे वेळ-ठसे एफएफप्रोब या प्रोग्रॅमने काढून पाहावेत. काही फोन उन्हात तापले की मधल्या फ्रेम्स गाळतात आणि फाइलवर सरासरी आकडा तसाच राहतो. दोन ठशांतलं अंतर ४.१७ वरून एकदम ८.३ मिलिसेकंद दिसलं की तिथे फ्रेम पडली. ‘९६०’ लिहिलेल्या फोनांत तर काही फ्रेम्स टिपलेल्या आणि काही सॉफ्टवेअरने मधे भरलेल्या असतात. एलईडी पळवून पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

घड्याळ नसेल तर लोखंडी गोळी खाली पाडून पाहावी. गोव्याच्या अक्षांशावर गुरुत्वत्वरण ९.७८ मी/से² आहे. गोळी १.२ मीटरवरून पडायला ०.४९५ सेकंद घेते, २४० फ्रेम्सला ११९ च्या आसपास. दहा टक्क्यांची लबाडी यात लगेच उघडी पडते.

१७ जून

त्याच फोनचं रोलिंग शटर. फोनचा सेन्सर ओळीमागून ओळ वाचतो, तेव्हा चित्राचा माथा आणि तळ एकाच क्षणाचे नसतात. किती फरक, हे मोजायची सोपी रीत: आर्डुइनोच्या टोन फंक्शनने एलईडी १,००० हर्ट्झवर चालवायची, पुढे ट्रेसिंग पेपर धरायचा, फोन इतका जवळ आणायचा की सगळं चित्र त्या उजेडाने भरेल, आणि एक्स्पोजर १/४,००० किंवा त्याहून छोटं ठेवायचं. एकाच फ्रेममध्ये आडवे काळे-पांढरे पट्टे दिसतात. पट्ट्यांची एक जोडी म्हणजे एक मिलिसेकंद. या फोनवर पट्टे मोजले तर चौथी जोडी तळाशी अर्धवट कापलेली: साडेतीनच्या आसपास मिलिसेकंद.

पट्टे सेन्सरच्या लांब बाजूला समांतर पडतात. फोन आडवा धरला तर डोकं आणि पाऊल यांच्या वेळेत फरक पडतो. उभा धरला तर डावी आणि उजवी बाजू यांच्यात. उभ्या फोनसमोरून माणूस धावत गेला तर वाचनाच्या दिशेने धावताना तो रुंद दिसतो, उलट दिशेने अरुंद. २० मी/सेच्या पावलाला साडेतीन मिलिसेकंद म्हणजे ७ सेंमी. माडावर सावकाश चढणाऱ्या पायाला याने काही बिघडत नाही. किक फोनवर टिपायची नाही, हे इथेच ठरलं.

२३ जून

पाऊस लागून राहिलाय, म्हणून हॉलमधल्या दिव्यांकडे वळलो.

वीज ५० हर्ट्झची, दिवा लुकलुकतो १०० हर्ट्झने. स्वस्त एलईडी फ्लडलाइटमध्ये वेगळा ड्रायव्हर नसतो, सगळं एकाच पाटीवर. ते डोळ्याला स्थिर दिसतात आणि कॅमेऱ्यात धडधडतात. २४० फ्रेम्सला उजेडाचा नमुना दर १२ फ्रेम्सनी परत येतो. २०० ला एक फ्रेम उजळ, एक काळी. १०० ला मात्र चित्र छान स्थिर वाटतं, कारण प्रत्येक फ्रेम लुकलुकण्याच्या एकाच टप्प्यावर पडते. मग ग्रिडची वारंवारता जराशी हलली की सगळं चित्र काही सेकंदांत हळूहळू मंदावतं आणि पुन्हा उजळतं. हे पाहून लोक कॅमेऱ्याला दोष देतात.

उपाय: १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या, अॅल्युमिनियमच्या चॅनेलवर चिकटवलेल्या, १२ व्होल्टच्या बॅटरीवर किंवा चांगल्या एसएमपीएसवर (डीसी वीज देणाऱ्या पुरवठ्यावर). डिमर लावायचा नाही, तो पीडब्ल्यूएमने (भराभर चालू-बंद करून) उजेड तोडतो. बॅटरीचा दुसरा फायदा म्हणजे पावसात वीज गेली तरी सत्र थांबत नाही. पांढऱ्या भिंतीचं २४० ला पाच सेकंद चित्रण करून सरासरी उजळपणाचा आलेख काढायचा. तो सपाट आला पाहिजे.

मार्करसाठी रिफ्लेक्टर टेप आणि लेन्सभोवती गोल दिवा (रिंगलाइट). ही टेप आलेला उजेड आल्या वाटेनेच परत पाठवते, त्यामुळे दिवा लेन्सला जितका चिकटून तितका मार्कर लखलखतो. दिवा एक हात बाजूला सरकवला की परिणाम गेला. याच्या जोरावर हॉलमध्ये १/२,००० सहज मिळतं.

२ जुलै

निवड झाली: आयएमएक्स२७३ चे दोन मोनोक्रोम यूएसबी ३ कॅमेरे. रंगीत घेतले नाहीत. रंगाच्या गाळण्या उजेड खातात आणि मार्करची कडाही थोडी ढिली होते.

लेन्सचा हिशेब. सेन्सरची रुंदी १,४४० × ३.४५ मायक्रॉन = ४.९७ मिमी. ८ मिमी लेन्स, अंतर ६ मीटर: दिसणारी रुंदी ४.९७ × ६ ÷ ८ = ३.७ मीटर, एक पिक्सेल सुमारे २.६ मिमीचा. १४ मिमीचा मार्कर पाच पिक्सेलांवर पसरतो. मध्य नीट काढायला याहून लहान नको. किकसाठी १२ मिमी लेन्स, तेवढ्याच अंतरावरून अडीच मीटर.

अंतर कमी करून रुंद लेन्स लावायचा मोह होतो, हॉल लहान असला की जास्तच. करू नये. कॅमेरा ५ मीटरवर असताना पाय मोजणीच्या प्रतलापासून १० सेंमी पुढे आला तर माप २ टक्क्यांनी फुगतं. कॅमेरा अडीच मीटरवर आणला की तीच चूक ४ टक्के.

९ जुलै

डेटाचा ओघ. १,४४० × १,०८० × २२६ म्हणजे सेकंदाला ३५१ एमबी, एका कॅमेऱ्याचे. यूएसबी ३ च्या एका कंट्रोलरवर प्रत्यक्षात साधारण इतकंच मावतं. दोन कॅमेरे लॅपटॉपच्या दोन पोर्टना लावले तरी आत कंट्रोलर बहुधा एकच असतो आणि फ्रेम्स गळायला लागतात. दोन वेगळे कंट्रोलर हवेत: डेस्कटॉपमध्ये पीसीआयई कार्ड घालावं, नाहीतर चित्राची उंची अर्धी करावी.

स्वस्त एसएसडी पहिले काही जीबी झपाट्याने घेते, मग तिची कॅश भरते आणि वेग कोसळतो. म्हणून आधी रॅममध्ये नोंद, मग डिस्कवर. दोन्ही कॅमेऱ्यांचे दहा सेकंद सात जीबी होतात. १६ जीबी रॅमवर निभतं. किक दोन सेकंदांत संपते, फुगडीची एक गिरकी दहा सेकंदांत पुरेशी दिसते. जास्त लांब चित्रण हवं तर फ्रेम्स १२० करा.

केबल ३ मीटर, स्क्रूवाली. मैदानावर लांब केबल लागणार असेल तर गिगाबिट इथरनेटचा कॅमेरा बरा: १०० मीटरपर्यंत केबल चालते, मात्र याच सेन्सरच्या पूर्ण चित्राला सुमारे ७५ फ्रेम्सच निघतात.

१८ जुलै

दोन कॅमेऱ्यांचा ताळ. टाळी वाजवून आवाजावरून जुळवणी करायची पद्धत इथे चालणार नाही: आवाजाला साडेतीन मीटर जायला १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे दोनेक फ्रेम्स. पहिल्या कॅमेऱ्याची ‘एक्स्पोजर चालू’ ही वायर दुसऱ्याच्या ट्रिगरला जोडली. आउटपुट ऑप्टो-आयसोलेटेड (प्रकाशामार्फत विजेपासून वेगळं ठेवलेलं) असल्याने पुल-अप रेझिस्टर लावल्याशिवाय सिग्नल वर चढतच नाही. त्याचं मूल्य कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमधून घ्यावं.

दुसरा कॅमेरा ट्रिगरवर टाकला की त्याच्या फ्रेम्स खूप घटतात. सेटिंगमध्ये ट्रिगर ओव्हरलॅप ‘रीड-आउट’ वर ठेवला की मागची फ्रेम वाचली जात असतानाच पुढचं एक्स्पोजर सुरू होतं आणि वेग परत येतो. पहिल्याचा वेग २०० वर बांधला. दुसऱ्याला श्वास घ्यायला जागा हवी.

कॅलिब्रेशनचा (कॅमेऱ्याला खरी मापं कळवण्याचा) चौकटींचा फलक कागदावर छापून सनबोर्डला चिकटवला तर या हवेत तो फुगतो, वाकतो. साइनबोर्डवाल्याकडून एसीपी (अॅल्युमिनियम कंपोझिट) शीटवर छापून घेतला आणि चौकट व्हर्नियरने मोजली. छपाईत माप थोडं बदलून येतं. सॉफ्टवेअरला मोजलेला आकडा द्यायचा, फाइलमधला नाही.

५ ऑगस्ट

मैदानावर किक. ढगाळ दुपारीही १/४,००० ला चित्र नीट आलं. एसीतून बाहेर आणल्यावर लेन्सवर लगेच दव धरतं. कॅमेरे बंद पिशवीतच अर्धा तास बाहेर ठेवावेत. परतल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० वर. या ऋतूत लेन्स कपाटात उघडी ठेवली की आत बुरशी शिरते.

चेंडूला लागण्याचा क्षण कॅमेऱ्याकडून काढून घेतला. बुटाच्या वरच्या बाजूला २७ मिमीची पिएझो चकती (दाबली की वीज देणारी), तिला समांतर १ मेगा-ओहम आणि ५.१ व्होल्टचा झेनर डायोड (जास्तीचं व्होल्टेज अडवणारा), तिथून मायक्रोकंट्रोलर. सेकंदाला काही हजार नमुने मिळतात आणि स्पर्शाचा काळ त्यातून थेट वाचता येतो. तोच सिग्नल चित्रात दिसणारी एक एलईडी पेटवतो, म्हणजे दोन घड्याळं जुळतात. हजारी कॅमेऱ्यासाठी अडलेलं काम इथे काही शे रुपयांत होतं. स्पर्शाच्या आधीचा आणि नंतरचा वेग २०० फ्रेम्सवरून मिळतो.

एक दक्षता हवी. गाळणी सबंध नोंदीवर लावली तर धडकेचा धक्का आधीच्या फ्रेम्समध्येही पसरतो आणि पावलाचा वेग प्रत्यक्षाहून कमी येतो. नोंद स्पर्शाच्या आधीच्या शेवटच्या फ्रेमला कापायची, मग गाळायची.

चित्रफीत किनोव्हिया या हालचाल मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडताना ‘टिपण्याचा वेग’ हाताने भरायला विसरू नये. २४० ला टिपलेली आणि ३० ला चालणारी फाइल तशीच मोजली तर वेग आठपट कमी येतो, त्वरण चौसष्टपट.

१४ ऑगस्ट

फुगडी. नऊवारीत गुडघा आणि खुबा झाकलेले असतात, तिथे मार्कर लावून काही उपयोग नाही. साडीवर लावला तर साडीची हालचाल मोजली जाते. घोटा, टाच, चवडा, मनगट, कोपर आणि डोक्यावर मार्कर. गुडघ्यासाठी साडीच्या आत पट्ट्याने बांधलेला जडत्व-सेन्सर (त्वरण आणि फिरणं मोजणारा). घामाने दुहेरी टेप सुटते: आधी स्पिरिटने कातडी पुसायची, टेप, आणि वरून मायक्रोपोरची कडी. पैंजण आणि बांगड्या रिंगलाइटमध्ये मार्करइतक्याच चमकतात. काढायला सांगणं बरं दिसत नाही. त्यावर काळी क्रेप पट्टी गुंडाळावी.

कॅमेरे एकमेकांशी काटकोनात, दोघी फिरतात त्या मध्यापासून ५ मीटरवर, लेन्स कमरेच्या उंचीला. २०० फ्रेम्स, १/२,०००, गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) शक्य तितका खाली. दर सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी कॅलिब्रेशन फलक. ट्रायपॉडला कुणाचा पाय लागला की मधेही. फू घालायच्या वेळी दोघी वाकतात तेव्हा मनगटाचे मार्कर एका कॅमेऱ्यातून नाहीसे होतात, तेवढ्या फ्रेम्ससाठी तिसरा कोन हवा. तिथे फोन आडवा लावला आहे, आणि तिन्ही चित्रांत दिसेल अशा जागी डीएस३२३१ ची एलईडी.